म्हसोबाच्या माघारी

पाटस,
सोमवार, ता. ११ ऑक्टोबर २००४

तीर्थस्वरूप दादांच्या पायांवर अनिताचं डोकं. (तुमचं मागचं पत्र वाचल्यावर निम्मंच टेकवणार होते. पण तुम्ही थोरले, आणि वहिनींनी खाली दोन ओळी बऱ्या लिहिल्या होत्या, म्हणून पुरतं टेकवलंय असं समजा.) वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, रात्रंदिवस एरंडेल चोळून काही व्हायचं नाही, आधी त्या उंच ओट्यावरून दहादा खाली उतरणं बंद करा. तुमचा खोकला गेला का? तंबाखू सोडली का, हे विचारत नाही. विचारलं तर तुम्ही सोडली म्हणणार आणि मला खोटं बोलायला लावल्याचं पाप लागणार. इकडं सगळे बरे आहेत. ह्यांचा पाय मात्र प्लॅस्टरमध्ये आहे आणि अजून तीन आठवडे राहणार. पाय सोडून बाकीचा माणूस पूर्वीसारखाच आहे, म्हणजे फारसा कामाचा नाही.

आता तुमच्या पत्राबद्दल. हौसराव कंडक्टरनं दौंड-शिरूर गाडीत तिकिटं फाडता फाडता तुम्हाला सांगितलं, की तुमच्या बहिणीनं भर चौफुल्यावर पोलिसांसमोर नवऱ्याचं नाव घेतलं, आणि नंतर उसात शिरून तेच नाव बैल हाकल्यासारखं ओरडली. तेवढ्यावर तुम्ही दोन पानं लिहिलीत. 'आपल्या घराण्यात असं कधी झालं नाही' हे वाक्य त्यात तीनदा आहे, मी मोजलं. आणि आत्याबाईंनी (म्हणजे आमच्या सासूबाईंनी, वहिनी वाचत असतील म्हणून फोड करून सांगते) येत्या रविवारी तुम्हाला इथं बोलावलंय, आमच्या घरावरचा एरियलचा पाइप उतरवायचा की ठेवायचा ह्याचा निकाल द्यायला. माहेरचं माणूस म्हणून तुम्ही बोलाल ते मी मुकाट ऐकीन, असं त्यांनी सगळ्या वस्तीला सांगून ठेवलंय. आणि तुम्ही पत्रातच लिहून मोकळे झालात, 'तो पाइप आधी उतरवा.' दादा, निकाल आधी आणि साक्ष नंतर, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये चालत असेल. माझ्याकडं चालायचं नाही. मी सगळं पहिल्यापासून सांगते, मग रविवारी काय बोलायचं ते बोला. तो पाइप उतरला तर माझं काय जाईल ते तुम्हाला शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कळायचं नाही, म्हणून मधेच चहाला उठू नका.

ह्यांचा हा नाद जुना आहे. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा फोनच्या तारा तुटल्या होत्या आणि हॅम रेडिओवाल्यांनी घरबसल्या सेटवरून गावोगाव निरोप पोचवले, असं ह्यांनी पेपरात वाचलं. तेव्हापासून ते ह्यांच्या डोक्यात बसलं. कुरकुंभच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात असल्यामुळं तारा, खिळे, डाग द्यायची कांडी हे सगळं हाताखालचंच. पण हवेत बोलायला सरकारची परीक्षा द्यावी लागते, आणि त्यात ती खटखट येते, मोर्सची, एक आखूड एक लांब. हे वर्षभर घरात ताटावर चमच्यानं खटखट करत होते. दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले. (पहिल्यांदा का नापास झाले ते मला माहीत आहे. त्यांना एल आणि एफ मधला फरक कळत नव्हता. मला भाकरी थापता थापता केव्हाच कळला होता, पण मला कोण विचारतंय.)

पास झाल्यावर सरकारनं त्यांना अक्षरं दिली. रेडिओवर माणूस नावानं ओळखायचा नसतो, ह्या अक्षरांनी ओळखायचा. मला हा नियम पहिल्या दिवसापासून पटला. सोळा वर्षं नुसत्या 'अहो'वर संसार केलेल्या बाईला कुणीतरी सरकारी शिक्का मारून नवऱ्याला हाक मारायची सोय करून दिली, ह्यापेक्षा अजून काय पाहिजे. अक्षरांतली शेवटची तीन म्हणजे एच, के आणि पी. खरखरीत ती नीट ऐकू यावीत म्हणून प्रत्येकाला एक शब्द ठरलेला असतो, तेव्हा हे झाले 'हॉटेल किलो पापा'. मी घरात तेच म्हणायला लागले. हॉटेल किलो पापा जेवले का, हॉटेल किलो पापांचा डबा भरा. आत्याबाईंना पहिले दोन शब्द ऐकून वाटलं, पोरगा रोज हॉटेलात जाऊन किलोनं मटण खातो. आणि तिसरा शब्द ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला. "नवऱ्याला पापा म्हंती गं बाई, जनाची न्हाई तर मनाची तरी," असं त्या म्हाळू गवळ्याच्या आईला सांगून आल्या. त्यांना समजावून सांगायला मला एक महिना लागला, आणि समजलं तरी त्यांनी समजल्याचं कबूल केलं नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आत्याबाईंनाही ह्यांचं नाव घेता येत नाही. तुम्ही म्हणाल, पोटच्या पोराचं? पण ह्यांना पणजोबाचं नव्हे, आज्याचं नाव ठेवलेलं आहे, म्हणजे आत्याबाईंच्या सासऱ्याचं. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, मग ते सासऱ्याचं असो नाहीतर त्यांच्या मांडीवर मुतलेल्या पोराचं असो. म्हणून त्या बेचाळीस वर्षं ह्यांना 'थोरला' म्हणत आल्या आहेत. (धाकटा कुणी नाही. एकच आहे, पण थोरला.) तेव्हा आमच्या घरात ह्या माणसाचं नाव फक्त एकाच तोंडातून निघतं, ते म्हणजे गेणबा मामांच्या, आमच्या सासऱ्यांच्या. आणि मामा दिवसातून चारच वाक्यं बोलतात.

मागल्या चैत्रात ह्यांनी नवीन खूळ काढलं. ताटलीएवढी पेटी केली आणि ती एम-एटीच्या सीटखाली बसवली. आकाशात जे उपग्रह फिरतात त्यांना विचारून ही पेटी आपण कुठं आहोत ते ठरवते, आणि दर मिनिटाला रेडिओवरून सांगते, की हॉटेल किलो पापा अमक्या जागी आहे. घरचा सेट घरावरच्या त्या पाइपाच्या एरियलवरून ते ऐकतो, कंपनीच्या भंगारातून आणलेल्या कॉम्प्युटरला सांगतो, आणि नकाशावर लाल ठिपका पडतो. माणूस चालला की ठिपका चालतो. ह्याला ए-पी-आर-एस म्हणतात. लांबून ऐकू यावं म्हणून ह्यांच्या एका मित्राच्या घरावर, न्हावऱ्याकडं, अजून एक पेटी बसवलीय, ती ऐकलेलं पुढं ओरडून सांगते. फक्त एक आहे, आमच्या घरच्या सेटला कान आहेत, तोंड नाही. ऐकता येतं, बोलता येत नाही. बोलणारा सेट एकच आणि तो ह्यांच्या खिशात. मामांना हे सगळं एका मिनिटात पटलं. त्यांची निम्मी हयात मेंढरांमागं गेली. ते म्हणाले, मेंढराच्या गळ्यात घंटी बांधतो तसंच हाय की. ह्यांना ते फारसं आवडलं नाही, पण मला वाटतं इतक्या थोडक्यात कुणीच सांगितलं नसतं.

नकाशा मात्र तयार मिळेना. मग ह्यांनी तहसीलमधून दौंड-शिरूर भागाचा जुना नकाशा आणला, तो कॉम्प्युटरमध्ये घातला, आणि नकाशावरची एक जागा पेटीला दाखवायची होती म्हणून ह्यांनी हायवेवरचा म्हसोबा निवडला. एम-एटीवर म्हसोबापाशी गेले, पेटी देवापुढं ठेवली, आकडे लिहून घेतले, घरी येऊन नकाशातल्या म्हसोबावर ते आकडे बसवले. देवाला नारळही फोडला. एवढं साग्रसंगीत केल्यावर कुणाला शंका येईल?

पंधरा दिवस मजेत गेले. ह्यांची शिफ्ट तीनला सुटायची, ठिपका कुरकुंभहून निघायचा, मी चहाचं आधण ठेवायची, आणि ठिपका वस्तीच्या थोडा अलीकडं आला की पत्ती टाकायची, कारण माणूस नेहमी ठिपक्याच्या पुढंच असायचा. माणूस दारात आणि चहा कपात. म्हाळू गवळ्याच्या आईनं हे बघून विचारलं, ही पेटी म्हशीला बसवता येईल का. मग एका मंगळवारी ठिपका तिथं आला आणि थांबलाच नाही. सरळ पुढं गेला, वरवंड ओलांडलं, आणि चौफुल्यावर जाऊन बसला तो तासभर हलेना. मी जवळ जाऊन बघितलं तर नकाशात जिथं ठिपका, तिथं तमाशाचं कलाकेंद्र. (चौफुल्याची कलाकेंद्रं तुम्हाला माहीत आहेत. तुम्हाला माहीत आहेत हे मला वहिनींकडून माहीत आहे.) हे घरी आले आणि म्हणाले, ओव्हरटाइम होता. शुक्रवारी पुन्हा तेच. पुढच्या मंगळवारी पुन्हा. दादा, मी रडले नाही. मला राग आला तो वेगळाच. अहो, माणसानं पायात घुंगरू बांधून चोरी करायला जावं, आणि घुंगरू स्वतः डाग देऊन बनवलेले असावेत, आणि आपण गेलो नाही असं म्हणावं? एवढा मूर्ख नवरा आपल्या वाट्याला आला ह्याचाच राग आला.

शुक्रवारी मी आणि आत्याबाई वडापच्या जीपनं चौफुल्याला गेलो. आत्याबाईंनी वाटेत पायातली चप्पल दोनदा काढून बघितली. कलाकेंद्राच्या दारात आम्हाला अडवलं. मग आतून रंगुबाई म्हणून एक वयस्क बाई आल्या, त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, आणि असल्या वर्णनाचा, मागं गळ लावल्यासारखी काठी असलेल्या गाडीवरून येणारा कुणी इथं येत नाही असं देवाची शपथ घेऊन सांगितलं. त्यांचा चहा चांगला होता, हे आत्याबाईंनी परत येताना मान्य केलं. आम्ही दोघी चिडलेल्या, त्यामुळं बाहेर येऊन जी वडाप दिसली तीत बसलो, आणि ती निघाली यवतकडं. दीडेक किलोमीटर गेल्यावर कळलं म्हणून उतरलो, तर समोरच्या माळाच्या उंचवट्यावर एम-एटी उभी, आणि शेजारी दगडावर उभा राहून आमचा माणूस आभाळाकडं तोंड करून 'हॉटेल किलो पापा, हॉटेल किलो पापा' करतोय. त्या उंचवट्यावरून पुण्याच्या हॅम मित्रांशी नीट बोलणं होतं म्हणे. घरी सांगितलं तर आई रागावेल म्हणून ओव्हरटाइमचं खोटं. आत्याबाईंनी चप्पल काढलेलीच होती, तिचा उपयोग झाला.

घरी येऊन मी विचारलं, तुम्ही होता तिथं आणि ठिपका बसलाय तमाशात, हे कसं? ते म्हणाले, उपग्रह चुकत नाहीत. मी म्हटलं, मग मी चुकले असेन, माझे डोळे सरकारमान्य नाहीत. अर्धा तास वाद चालला. शेवटी मामा उठले, धोतर सावरत कॉम्प्युटरपाशी आले, बराच वेळ बघितलं आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो म्हसोबा जुन्या जागंवर हाय." आणि परत जाऊन बसले. झालं होतं असं, की हायवे रुंद करताना म्हसोबाचं देऊळ रस्त्यात येत होतं, तेव्हा गावानं मिरवणूक काढून देवाला दीड किलोमीटर पुण्याच्या अंगाला नेऊन बसवलं. नकाशा त्याच्या आधीचा. ह्यांनी आकडे घेतले नव्या देवळाचे आणि बसवले जुन्या देवळावर. एक देव सरकला म्हणून कॉम्प्युटरमध्ये अख्खा दौंड तालुका दीड किलोमीटर सरकला होता. मी हिशेब पक्का करून ठेवला, ठिपका दिसेल तिथून म्हसोबा जिकडं गेला तिकडं, एक म्हसोबाभर जायचं. हे म्हणाले, सवड मिळाली की दुरुस्त करतो. सवड काही मिळाली नाही. माणूस स्वतःच्या हातानं स्वतःला तमाशात बसवून ठेवतो तो असा.

आता सप्टेंबरमधल्या त्या मंगळवारचं. साडेतीनला ठिपका चौफुल्यावर गेला. माझी हरकत नव्हती, आता चोरी उरली नव्हती. साडेचार झाले, पाच झाले. ठिपका हलेना. साडेपाचला मी आत्याबाईंना म्हटलं, मला हे बरोबर वाटत नाही. त्या म्हणाल्या, "बसला आसंल गप्पा हाणीत, यील." मी म्हटलं, उंचवट्यावर बसले तर ठिपका जागच्या जागी थोडा थरथरतो, उभे राहतात, फिरतात. हा खिळा ठोकल्यासारखा आहे. आणि माझं गणित केलं तर तो उंचवट्यावर नाही, त्याच्या खाली उसात आहे. त्यांना माझं गणित पटेना, कारण ठिपका तर सरळ तमाशात दिसत होता. तेव्हा मामा त्या दिवसाचं पाचवं वाक्य बोलले. म्हणाले, "मेंढरू येवढा येळ येका जागी न्हाई ऱ्हात. येक तर व्यालं, न्हाई तर पडलं." आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर घट्ट केला. मामा कॉम्प्युटरसमोर बसले, ठिपका राखायला, आणि आम्ही दोघी निघालो.

चौफुल्यावरच्या पोलीस चौकीत बबनराव म्हणून हवालदार होते. मी सांगितलं, आमचा माणूस पडलाय, जीप काढा. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, नाव? मी म्हटलं, हॉटेल किलो पापा. ते म्हणाले, हॉटेलचं नाव नको, माणसाचं सांगा. मी म्हटलं, माणसाचंच आहे. ते शिपायाला म्हणाले, जा रे, हे किलो पापा हॉटेल कुठं नवीन झालंय बघ जरा. शिपाई मोटारसायकल काढून गेलासुद्धा. मग हवालदार आत्याबाईंकडं वळले, तुम्ही कोण? आई. मग पोराचं नाव सांगा. आत्याबाई म्हणाल्या, थोरला. हवालदार म्हणाले, अहो थोरला काय, नाव. आत्याबाई माझ्याकडं बघायला लागल्या, मी त्यांच्याकडं. दादा, दोन बाया, त्यातली एक आई आणि एक बायको, माणूस तिकडं पडलेला, आणि त्याचं नाव दोघींच्या दातांमागं अडकलेलं. हवालदाराचं पेन वहीवर टेकलेलं होतं. आणि मग मला आठवलं, की नाव घ्यायला उखाण्यात मुभा असते. लग्नात घेतलं, डोहाळजेवणात घेतलं, चौकीत का नको? मी पदर खांद्यावर घेतला आणि म्हटलं:

ठिपका थांबला उसात, म्हसोबाच्या माघारी,
शंभूरावांचं नाव घेते, जीप काढा सरकारी.

हे झालं माझं भर चौफुल्यावरचं नाव घेणं. हवालदारांनी 'शंभूराव' लिहून घेतलं, आणि ठिकाणाच्या रकान्यात, मी सांगितलं तसं, 'कलाकेंद्रापासून एक म्हसोबा पश्चिमेला'. त्यांनी जीप मात्र लगेच काढली, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. जीपच्या मीटरवर दीड किलोमीटर मोजून आम्ही उतरलो. समोर ऊस, पुरुषभर उंच, तुटायला महिना राहिलेला, दोन हातांपलीकडं दिसत नाही. मी आत शिरले आणि हाक मारली, अहो. तर हवालदार म्हणाले, काय? मी पुढं जाऊन पुन्हा म्हटलं, अहो. जीपचा ड्रायव्हर म्हणाला, बोला ताई. तिसऱ्यांदा म्हटलं तर उसाला पाणी देणारे दोन गडी बांधावरून ओ देऊन धावत आले. त्या उसात चार परके पुरुष माझ्या 'अहो'ला ओ देत होते आणि ज्याला हाक होती तोच गप्प. आता तुम्हीच सांगा, काय ओरडायला पाहिजे होतं? हॉटेल? मग ते नाव उसात ओरडलं गेलं, राव-बिव न लावता, जसं आहे तसं, दोनदा, तीनदा, घसा फाटेस्तोवर. आणि चौथ्या हाकेला कॅनॉलच्या कोरड्या चारीतून ओ आली. (आत्याबाई ह्या वेळी बांधावर उभ्या होत्या, असं त्या सगळ्यांना सांगतात.)

गाडी उंचवट्यावरून घसरून खाली चारीत गेली होती. पायावर एम-एटी, हातातला सेट दोन हात लांब उडालेला, हात पोचेना. सव्वादोन तास माणूस तसा पडून होता. पेटी मात्र सीटखाली सुखरूप, दर मिनिटाला 'मी इथं आहे' म्हणत होती. मला बघून ह्यांनी पहिलं काय विचारावं? "ठिपका दिसत होता का?" मी म्हटलं, दिसत होता, तमाशात. हसायला गेले आणि कळवळले. मग मी रडले. चारीत बसून, हवालदारासमोर, चांगली हुंदके देऊन रडले. ते हौसरावनं तुम्हाला सांगितलं नाही वाटतं.

आता ह्यांना घरी आणल्यापासून आत्याबाईंनी धरून ठेवलंय, की हे सगळं त्या पाइपमुळं झालं. पाइप नसता तर उंचवट्यावर जाणं नसतं, पडणं नसतं, आणि मामंजींचं (त्यांच्या सासऱ्यांचं, देव त्यांना शांती देवो) नाव उसात उघड्यावर ओरडलं गेलं नसतं. मी म्हणते, पाइप नसता तर हे पडले नसते हे एक वेळ मानीन, पण पडले असते आणि पाइप नसता तर सापडले कधी असते? ऊसतोड सुरू झाल्यावर? ह्यावर त्या भांडी आपटतात. तेव्हा रविवारी या, पोटभर जेवा, पाइपाखाली खुर्ची टाकून बसा आणि खरं काय ते बोला. नाव घेतल्याबद्दल मामंजींना नारळ वाढवायचा तर मी दोन वाढवीन. पण पाइप राहू द्या.

वहिनींना नमस्कार, प्रगतीचा (ती आता नववीत आहे) तुम्हा दोघांना नमस्कार. गुडघ्याचं सांगितलेलं विसरू नका.

तुमची,
अनिता (इथं रुपाली)

ता. क. खरं काम आता लिहिते. मला माझा शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे. दहावीला तुम्हीच नाव काढून घेतलं होतं, तेव्हा शाळेत जाऊन तुम्हीच आणा, तेवढं देणं लागता. ती खटखटीची परीक्षा मी देणार आहे. फॉर्म ह्या महिनाअखेर पोचायला हवा. ह्यांना माहीत नाही. दोनदा नापास झालेल्या माणसाला आधी सांगून मी कशाला नजर लावून घेऊ? त्या दिवशी पुण्याचे सगळे मित्र सेट लावून ऐकत होते, आणि आमच्या घरच्या सेटला तोंड नव्हतं म्हणून मला वडाप धरावी लागली. ते तोंड मी बसवणार आहे, पाइप राहिला तर. आणि दादा, तुम्ही ठेवलेलं अनिता शाळेत राहिलं, इथं अक्षता पडल्या त्या दिवशी तांदळात रुपाली लिहिलं. पास झाले तर सरकार मला तीन अक्षरं देईल. ते नाव कुणाला बदलता यायचं नाही, आणि कुणालाही घेता येईल.

उत्तर लिहू नका, आलेलं पत्र आत्याबाई प्रगतीकडून मोठ्यानं वाचून घेतात. हे पत्र घेऊन गेणबा मामा शिरूरला तुमच्याकडं येतायत, त्यांच्या पिशवीत ती पेटी आहे. (स्वतःहून मागून घेतली. गळ्यात बांधा म्हणत होते.) दाखला मिळणार असेल तर मामांना घोडनदीच्या पुलापर्यंत चालवत न्या आणि परत आणा. मी इथं बघत बसणार आहे. ठिपका पुलावर जाऊन फिरला की मी समजेन. मिळणार नसेल तर त्यांना नुसतं जेवायला घाला. म्हसोबाचा हिशेब मी करीन, तुम्ही खऱ्या पुलावर न्या.

पुन्हा ता. क. एक राहिलं. वरती मी लिहिलंय, की नाव ओरडलं गेलं. कुणी ओरडलं ते लिहिलेलं नाही, परत जाऊन बघा. पहिली हाक माझी नव्हती. माझं तोंड उघडेनाच. आत्याबाई बांध सोडून माझ्या पुढं उसात घुसल्या, पदर पाचटात अडकून मागं राहिला, आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पोराला नावानं हाक मारली. ती ऐकून मग मला हाक मारता आली. ह्यांनी ओ दिली ती कुणाच्या हाकेला, हे मी त्यांना विचारलं नाही. रविवारी निकाल देताना हे तुम्हाला ठाऊक नाही असंच दाखवा, सगळा दोष माझ्या नावावर राहू द्या. घरी आल्यापासून त्या ह्यांना पुन्हा 'थोरला'च म्हणतात. फक्त दुपारी हे झोपले की पलंगापाशी बसतात, आणि कुणी ऐकत नाही असं बघून ओठ हलवतात.